लुकलुकणारा पिवळा दिवा

मंडळी, आपण वाचायला शिकलो. आता एसटीची पाटी आपण वाचतो. खताच्या पोत्यावरचे आकडे वाचतो. औषधाच्या बाटलीवरची तारीखही वाचतो. पण काही निरोप अक्षरांत लिहिलेले नसतात. ते चित्रात असतात, रंगात असतात, दिव्यात असतात. तेही वाचता आले पाहिजेत. नाही वाचले, तर नुकसान होते.

असाच एक निरोप आम्ही आधी वाचला नाही. मग तो शनिवार पेठेत एका मिस्त्रींनी आम्हांला वाचून दाखवला. ती हकीगत या धड्यात सांगतो.

कात्रजच्या घाटात

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या वर्गासाठी पुस्तके, पाट्या आणि वह्या आणायच्या होत्या. पुण्यात पुस्तके घ्यायची म्हणजे अप्पा बळवंत चौकात जायचे. हा चौक शनिवार पेठेला लागूनच आहे. तिथे पुस्तकांची दुकाने ओळीने आहेत.

आम्ही भोर तालुक्यातून निघालो. वर्गात शिकवणारे आम्ही दोघे होतो. बरोबर वर्गातल्या एक मावशी होत्या. गाडी आणि चालक, दोन्ही वर्गातल्याच एका दादांचे. दादांचे वय पन्नाशीचे. गेल्या वर्षी ते सही करायला शिकले, यंदा वाचायला लागले. त्यांची गाडी सात माणसांची आहे. ती पेट्रोलवर चालते आणि सीएनजीवरही चालते. सकाळी शाळेची मुले, दुपारी बाजारची माणसे, रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर दवाखाना. या गाडीवरच दादांचे घर चालते. तिचा हप्ताही अजून फिटायचा आहे.

शिवापूर मागे टाकून आम्ही जुना कात्रजचा घाट चढू लागलो. चढावर गाडी जरा धक्के देऊ लागली. दादांच्या समोरच्या काचेत एक छोटा पिवळा दिवा लागला. त्यावर इंजिनाचे चित्र होते. दिवा चार-पाच वेळा लुकलुकला. मग लुकलुकायचा थांबला आणि नुसता लागून राहिला.

मावशींनी विचारले, "दादा, ह्यो दिवा कशाचा वो?"

दादा म्हणाले, "मधनंमधनं लागतोय. जाईल आपोआप."

आम्हीही काही बोललो नाही. आम्ही शिकलेले! पण तो दिवा आम्हांलाही वाचता येत नव्हता.

शनिवार पेठेत गाडी थांबली

स्वारगेट आले, मागे पडले. बाजीराव रस्त्याने आम्ही चौकात पोचलो. पुस्तकांचे गठ्ठे गाडीत चढवले. गाडी चांगलीच जड झाली. शनिवारवाड्याजवळून वळून ओंकारेश्वराच्या बाजूला निघालो, तेव्हा गाडी थरथर कापू लागली. पाय दाबला तरी ओढ नाही. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला. आणि तो पिवळा दिवा आता सारखा लुकलुकत होता. लागतो, विझतो. लागतो, विझतो.

दादांनी गाडी कडेला घेतली. तेवढ्यात एक जण जवळ आला. म्हणाला, "माझ्याकडे मशीन आहे. शंभर रुपयांत दिवा घालवून देतो. पाच मिनिटांचं काम."

दादांचा हात खिशाकडे गेला. पण मावशी म्हणाल्या, "दिवा घालिवतोस, पण गाडी बरी करतोस का?" तो माणूस काही न बोलता निघून गेला.

जवळच्या बोळात एक जुने गॅरेज होते. तिथले मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी इंजिनाचा आवाज दुरूनच ऐकला आणि हात वर करून म्हणाले, "आधी गाडी बंद करा. मग बोलू."

दिवा काय सांगतो

मिस्त्रींनी आम्हांला स्टुलावर बसवले. चहा सांगितला. मग म्हणाले, "हा दिवा दोन भाषा बोलतो. नुसता लागून राहिला तर म्हणतो, 'इंजिनात काहीतरी दोष आहे, लवकर दाखवून घ्या.' तेव्हा गाडी चांगली चालत असेल, तर हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. पण दिवा लुकलुकला तर म्हणतो, 'आत्ता, या घडीला नुकसान चाललंय. थांबा!' तुम्ही घाटात हा निरोप पाहिलात आणि पुढं आलात."

दादा म्हणाले, "पण मिस्त्री, नंतर तो लुकलुकायचा थांबला की."

"घाट संपला, ओझं कमी झालं, म्हणून थांबला. दोष तसाच राहिला. पोराला ताप आला आणि दुपारी जरा उतरला, तर पोर बरं झालं म्हणता का?"

आम्ही शनिवारवाड्याजवळ बसलो होतो. या वाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे. नगारा म्हणजे वर्दी. वर्दी ऐकून माणसे सावध होतात. गाडीतला दिवा हाही एक नगाराच आहे. नगारा वाजतो आहे आणि आपण कानात बोटे घालून बसलो, तर दोष नगाऱ्याचा नाही.

इंजिनाच्या पोटात

आता लुकलुकण्याचे कारण पाहू.

दादांच्या गाडीच्या इंजिनात चार नळकांडी आहेत. त्यांना सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन जाते. ते दाबले जाते. मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. भडका होतो आणि त्या जोरावर इंजिन फिरते. ठिणगीसाठी मोठा विजेचा दाब लागतो. गाडीची बॅटरी फक्त १२ व्होल्टची असते. कॉइल नावाचा भाग त्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करतो. या गाडीत प्रत्येक प्लगवर एकेक कॉइल बसवलेली असते.

हे किती वेगाने होते? हिशोब करून पाहा. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे एका सिलिंडरमध्ये एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० ठिणग्या पडतात. चार सिलिंडरच्या मिळून ४०००. आपला एक श्वास घेऊन होईपर्यंत शेकडो भडके होऊन जातात.

आता समजा, एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही. मग त्या वेळेचे इंधन जळत नाही. याला मिसफायर म्हणतात. चार बैलांच्या नांगराला एक बैल अडून राहिला, तर नांगर हिसके देतो. तशीच गाडी हिसके देते. घाटात चढ असतो. ओझे वाढते. म्हणून अशक्त ठिणगीचा दोष घाटात आधी दिसतो. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. म्हणून सीएनजीवर चालताना तो आणखी लवकर दिसतो.

गाडीत एक छोटा संगणक असतो. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर त्याची नजर असते. एक भडका चुकला की दांड्याचा वेग किंचित पडतो. संगणक ते टिपतो. अधूनमधून एखादा भडका चुकला तर तो नोंद ठेवतो. भडके फार चुकू लागले, धोका होईल इतके, की तो दिवा लुकलुकवतो.

धुराची जाळी

धोका कोणाला? मुख्य धोका धुराच्या नळीतल्या एका डब्याला.

इंजिनातला धूर नळीने मागे जातो. वाटेत एक डबा असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आपण त्याला धुराची जाळी म्हणू. डब्यात चिनी मातीसारख्या पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा पातळ थर असतो. धूर या छिद्रांतून जातो, तेव्हा त्यातले विषारी वायू बरेच कमी होतात.

मिसफायर झाला की न जळलेले इंधन या जाळीपर्यंत जाते. जाळी आधीच तापलेली असते. इंधन तिथे जाऊन जळते. मग जाळीचा ताप १००० अंशांच्याही वर जाऊ शकतो. जाळी वितळते. छिद्रे बुजतात. धुराची वाट बंद होते. मग गाडीत ताकद उरत नाही.

मिस्त्रींनी कोपऱ्यातून एक जुना कापलेला डबा आणला. एका बाजूची छिद्रे छान दिसत होती. दुसऱ्या बाजूला नुसता वितळलेला गोळा होता.

ते म्हणाले, "या गाडीचा मालक दिवा लुकलुकत असताना आठवडाभर गाडी चालवत होता. बिघडली होती फक्त एक कॉइल. कॉइल बदलून भागलं असतं. पण जाळी गेली. जाळी कॉइलच्या कितीतरी पट महाग. त्याचे दोन-तीन हप्ते थकले."

दादांनी तो गोळा हातात घेऊन पाहिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आणखी एक धोका आहे. तो आपल्या गावात मोठा आहे. ही जाळी गाडीच्या खाली असते आणि फार तापते. मिसफायर होत असलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करू नये. आग लागू शकते.

हा दिवा आला कोठून

मावशींनी विचारले, "आमच्या धाकल्या दिराच्या जुन्या जीपला असला दिवा न्हवता. ह्यो आता कुठनं आला?"

मावशींचा प्रश्न बरोबर होता. जुन्या गाड्यांत हा संगणक नव्हता.

अमेरिकेत लॉस एंजेलिस नावाचे मोठे शहर आहे. गाड्यांच्या धुराने तिथली हवा फार खराब झाली होती. माणसांचे डोळे चुरचुरत, छाती भरून येई. तेव्हा धुरावर कायदे झाले. गाडीने आपला दोष आपणच ओळखावा आणि दिवा लावून सांगावा, असा नियम झाला. अमेरिकेत १९९६ सालापासून सर्व नव्या मोटारगाड्यांना एकसारखी तपासणी-व्यवस्था सक्तीची झाली. तिला ओबीडी म्हणतात.

आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धुराची जाळी सक्तीची झाली. शिसे घातलेले पेट्रोल जाळीला मारक असते. ते २००० साली देशभर बंद झाले. एप्रिल २०१० मध्ये पुण्यासह १३ शहरांत भारत स्टेज चार हा नियम आला. त्याबरोबर गाड्यांत ओबीडी आली. एप्रिल २०१७ मध्ये हा नियम सगळ्या देशात लागू झाला, आणि एप्रिल २०२० पासून त्याहून कडक असा भारत स्टेज सहा आला. म्हणून आज आपल्या गावातल्या नव्या गाड्यांत हा दिवा असतो. नव्या मोटरसायकलींतही असतो.

गाड्यांचा धूर तपासणारी एक मोठी संस्था पुण्यातच आहे. तिचे नाव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. ती १९६६ साली स्थापन झाली. कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर तिचे काम चालते.

म्हणजे हा दिवा नुसता गाडीसाठी नाही. आपल्या छातीसाठीही आहे. शनिवार पेठेसारख्या दाटीच्या पेठेत एक गाडी कच्चा धूर सोडत उभी राहिली, तर तो धूर बोळातल्या पोरांच्या नाकात जातो.

मिस्त्रींची परीक्षा

चहा झाला. इंजिन निवले. मिस्त्रींनी कामाला हात घातला. त्यांनी काय केले, ते क्रमाने पाहा.

पहिले काम, विचारपूस. दिवा कोठे लागला? चढावर की सपाटीला? पेट्रोलवर की सीएनजीवर? गाडी कधी धुतली? प्लग कधी बदलले? दादांनी सांगितले, "परवाच धुतली. पुस्तकं आणायची म्हणून शेतातल्या पंपाच्या पाइपनं चकाचक केली. बॉनेटसुदीक उघडलं होतं." मिस्त्रींनी मान हलवली, पण लगेच काही बोलले नाहीत.

दुसरे काम, गाडीचा निरोप वाचणे. स्टेअरिंगच्या खाली १६ पिनांची एक खोबण असते. तिच्यात मिस्त्रींनी स्कॅनर नावाचे यंत्र जोडले. पडद्यावर अक्षर आणि आकडे आले.

मिस्त्री म्हणाले, "दादा, तुम्हीच वाचा."

दादा पुढे झाले. चष्मा नीट केला. बोट धरून वाचू लागले. पडद्यावर पहिले अक्षर इंग्रजी होते. मिस्त्रींनी सांगितले, ते 'पी'. पुढचे आकडेही इंग्रजी होते. पण मोबाइलचा नंबर लावून दादांना ते ठाऊक झाले होते. दादा म्हणाले, "पी, शून्य, तीन, शून्य, दोन."

"शाबास! आता याचा अर्थ ऐका. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरचं खातं. पहिलं शून्य म्हणजे हा आकडा सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच अर्थ सांगतो. तीन म्हणजे ठिणगी आणि मिसफायरची बाब. शेवटचे शून्य दोन म्हणजे दुसरा सिलिंडर."

शेवटी ०१ असते तर पहिला सिलिंडर. ०३ असते तर तिसरा. आणि ०० असते, तर कोणता एक नाही, भडके इकडे-तिकडे चुकत आहेत.

"आता हा आकडा वहीत लिहा," मिस्त्री म्हणाले. "पुसण्याआधी लिहायचा. पुसला की पुरावा गेला."

नव्या वहीचे पहिले पान दादांनी उघडले. त्यावर त्यांनी आपल्या हाताने लिहिले, 'पी ०३०२'. खाली तारीख घातली.

तिसरे काम, अदलाबदल. आकड्याने दुसरा सिलिंडर दाखवला. पण दोष कशाचा, ते सांगितले नाही. कॉइल असेल. प्लग असेल. इंधन फवारणारा इंजेक्टर असेल. उंदराने वायर कुरतडली असेल. सिलिंडरचा दाबही कमी झाला असेल. अंदाजाने एकेक भाग बदलत बसले, तर पैसे संपतात आणि दोष राहतो.

मिस्त्रींनी आधी वायर पाहिली. ती धड होती. मग दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवली. तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवली. आकडा पुसला आणि इंजिन थोडा वेळ चालू केले. कोणत्या सिलिंडरचे भडके किती चुकले, याची मोजणी स्कॅनरवर दिसते. आता दुसऱ्याची मोजणी थांबली होती. तिसऱ्याची चढू लागली. मिस्त्रींनी लगेच इंजिन बंद केले.

मावशी म्हणाल्या, "म्हंजी कॉइलबरोबर दोष पण पलीकडं गेला!"

"अगदी बरोबर. दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे दोषी कॉइल. दोष जागच्या जागी राहिला असता, तर मी प्लगची अदलाबदल केली असती. तरीही राहिला असता, तर इंजेक्टर आणि सिलिंडरचा दाब तपासला असता."

पाहा मंडळी, हे भांडण सोडवण्यासारखेच आहे. दोन पोरे भांडत असली, तर त्यांच्या जागा बदलून पाहतात. ज्याच्याबरोबर भांडण जाते, तो खोडकर.

चौथे काम, कारण शोधणे. कॉइल का गेली? मिस्त्रींनी दुसऱ्या प्लगच्या खोल भोकात बॅटरीचा उजेड टाकला. तळाशी पाणी होते. प्लगला गंज चढला होता. कॉइलच्या रबरी नळीवर केसासारखी बारीक काळी रेघ होती. वीज पाण्यावाटे आणि त्या रेघेवाटे पळत होती. प्लगच्या टोकाला ठिणगी पडत नव्हती.

म्हणजे पाणी आम्हीच घातले होते. दादा खाली मान घालून म्हणाले, "चकाचक करायला गेलो, आन् हे झालं."

मिस्त्री म्हणाले, "प्लगही जुने झालेत. प्लगच्या टोकातली फट वाढली की कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. जुना प्लग आणि वर पाणी, दोन्ही मिळून कॉइल गेली."

गाडीबरोबर मिळालेले पुस्तक दादांच्या डिकीत, पिशवीत जसेच्या तसे होते. मिस्त्रींनी ते उघडले. प्लग किती किलोमीटरला बदलायचे, तो आकडा दाखवला. दादांनी तो वाचला. मग गाडीच्या मीटरवरचा आकडा वाचला. प्लगची मुदत कधीच टळली होती.

मग मिस्त्रींनी हवेच्या फवाऱ्याने भोकातले पाणी आणि कचरा उडवला. प्लग काढण्याआधी हे करावेच लागते, नाहीतर कचरा सिलिंडरमध्ये पडतो. इंजिन गार झाल्यावरच प्लग काढले, कारण गरम इंजिनात आटे बिघडतात. चार नवे प्लग आणि एक नवी कॉइल बसवली. इंजिन चालू केले. थरथर नाही. कच्चा वास नाही. दिवा नाही. पेट्रोलवर चालवून पाहिले, सीएनजीवर चालवून पाहिले. नदीच्या बाजूने एक फेरी मारून आले. धुराची जाळीही त्यांनी तपासली. ती वाचली होती.

"आज वाचली," मिस्त्री म्हणाले. "नशिबावर रोज विसंबू नका."

एक जुनी सवय सोडा

दादांनी जाता जाता विचारले, "मिस्त्री, पूर्वी आमचे गाडीवाले चालू इंजिनाच्या प्लगची वायर एकेक करून उपसायचे. ज्या वायरीनं फरक पडत न्हाई, तो सिलिंडर मेलेला. तसं का न्हाई केलं?"

मिस्त्री गंभीर झाले. "तेव्हाच्या गाड्यांना ते चालून जायचं. आता चालू इंजिनाची कॉइल उपसू नका. एक तर विजेचा जबर झटका बसतो. दुसरं म्हणजे त्या सिलिंडरचं कच्चं इंधन सरळ जाळीत जातं. दोष शोधता शोधता जाळी जाळून बसाल."

काही जण दिवा लागला की बॅटरीची वायर काढून परत लावतात. दिवा विझतो. आकडाही पुसला जातो. मग बरे वाटते. पोस्टमनला दारातून हाकलून दिले, म्हणून पत्रातली बातमी खोटी होत नाही. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो, आणि तोवर नुकसान वाढलेले असते.

जुनी गाडी विकत घेताना हे फार जपावे. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, हा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागतच नसेल, तर सावध व्हा. दोष लपवायला कोणी दिवाच बंद केलेला असेल. अशा वेळी विकणारा आपल्याला कात्रजचा घाट दाखवतो आहे, असे समजा.

डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो. तिथे काही गाड्यांत स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा दिवा लुकलुकतो. काही मोटरसायकलींत तर दिवाच लांब आणि आखूड लुकलुकून दोषाचा आकडा सांगतो. म्हणून आपल्या गाडीचे पुस्तक पाहावे. ते इंग्रजीत असले तरी दिव्याचे चित्र आणि आकडे आपल्याला ओळखता येतात. बाकीचे शिकत्या पोराकडून वाचून घ्यावे.

परत निघताना

मिस्त्रींनी बिल लिहून दिले. कॉइल एक, प्लग चार, मजुरी. दादांनी ओळ न् ओळ वाचली. मग जुनी कॉइल आणि जुने प्लग मागून घेतले. मिस्त्री हसले. म्हणाले, "मागणारं गिऱ्हाईक मला आवडतं."

संध्याकाळी आम्ही पुन्हा कात्रजचा घाट चढलो. गाडीत पुस्तकांचे ओझे होते. वरून पाऊस पडत होता. सगळ्यांचे डोळे त्या पिवळ्या दिव्याच्या जागेवर होते. बोगदा आला. दिवा लागला नाही.

मावशी म्हणाल्या, "दादा, आता घाटात दिवा लुकलुकला तर काय करशील?"

दादा म्हणाले, "पाय काढीन. कडेला घेईन. गाडी बंद करीन. आन् आकडा वहीत लिहीन."

दादांची ती वही आता गाडीतच असते. तिच्या पहिल्या पानावर 'पी ०३०२' आहे. दुसऱ्या पानावर प्लग बदलल्याची तारीख आणि किलोमीटर आहेत. तिसऱ्या पानावर एअर फिल्टर बदलल्याची नोंद आहे. ती दादांनी आपणहून केली. आम्ही सांगितली नव्हती.

हे लक्षात ठेवा

१. पिवळा इंजिन-दिवा नुसता लागून राहिला, तर गाडी लवकर दाखवा.

२. दिवा लुकलुकला तर पाय काढा. एसी बंद करा. सुरक्षित जागी कडेला थांबा. इंजिन बंद करा. मिस्त्रीला बोलवा किंवा गाडी ओढून न्या.

३. तेलाचा, तापाचा किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला, तरीही लगेच सुरक्षित जागी थांबा.

४. गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी करू नका.

५. बॉनेट उघडून इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.

६. प्लग पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदला.

७. गॅरेजमध्ये चार गोष्टी विचारा. आकडा कोणता आला? हाच भाग बिघडला हे कशावरून ठरवले? जुना भाग कोठे आहे? बिल देता ना?

वाचा आणि उत्तरे लिहा

१. दिवा लागून राहणे आणि दिवा लुकलुकणे, यांत काय फरक आहे?

२. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला किती ठिणग्या पडतील?

३. 'पी ०३०४' हा आकडा आला, तर कोणत्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे?

४. मिस्त्रींनी कॉइलची अदलाबदल का केली?

५. तुमच्या घरी किंवा शेजारी मोटरसायकल, पिकअप किंवा मोटार असेल, तर चावी फिरवून पाहा. कोणकोणते दिवे लागतात? इंजिन चालू झाल्यावर कोणते विझतात? त्यांची चित्रे वहीत काढा आणि प्रत्येकाखाली त्याचे नाव लिहा.